पहिल्या पदवीधराची लेखणी

(द्वितीय वर्ष कला)

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. बर्फीच्या दोन वड्यांपैकी मोठी वडी दुसऱ्या मुलाला देऊन लहान वडी स्वतः खाणारा मुलगा, ही त्यांची पहिली ओळख. पुढे समाजसुधारक, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, अर्थशास्त्राचे अभ्यासक, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश अशा नात्यांनी ते पाठ्यपुस्तकांतून भेटत राहतात. या सर्व अंगांविषयी थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे आणि त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. मला त्यांच्या चरित्रातील एकच धागा घेऊन लिहायचे आहे. रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक. विद्यापीठाच्या पदवीधराला लिहिता येते काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर वेगवेगळ्या बाजूंनी भेटत राहिला. आधी विद्यार्थी म्हणून, मग सरकारी नोकर म्हणून, आणि शेवटी दुसऱ्याला लिहायला शिकविणारा माणूस म्हणून.

हा विषय निवडण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई शेतमजुरीला जाते. दोघांनाही सहीपुरतेच लिहिता येते. त्यामुळे मी अकरावीत गेलो तेव्हापासून आमच्या आळीतले लोक कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागले. कुणाला रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे असते, कुणाला सातबारावरची चूक दुरुस्त करून हवी असते, कुणाचे विजेचे बिल भलतेच आलेले असते. मी बी. ए.ला आहे म्हणजे मला अर्ज लिहिता येणारच, असा या लोकांचा ठाम समज आहे.

नोकरी देणाऱ्यांचा समज मात्र नेमका याच्या उलट आहे, हे मला गेल्या वर्षी कळले. आमच्याच आळीतला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, दुसऱ्या वर्गात बी. ए. झालेला एक मुलगा एका खासगी कचेरीत मुलाखतीला गेला होता. तेथे त्याच्यापुढे कोरा कागद ठेवून, माल वेळेवर न पोहोचल्याबद्दल गिऱ्हाइकाला दिलगिरीचे पत्र लिहावयास सांगण्यात आले. पंधरा-पंधरा गुणांची उत्तरे तीन वर्षे लिहिलेल्या त्या मुलाला दहा ओळींचे पत्र काही जमेना. आरंभीची शिष्टाचाराची वाक्ये झाली. पण माल का पोहोचला नाही आणि आता केव्हा पोहोचेल, एवढेच लिहायचे राहून गेले. तेथल्या साहेबांनी कागद परत देताना त्याच्या पदवीच्या नावाने जे उद्गार काढले ते तो अजून विसरलेला नाही. मला त्या साहेबांचा राग आला. परंतु तो कागद मी पाहिला आहे, आणि गिऱ्हाइकाला हवे होते ते त्यात नव्हते हेही खरे.

पदवीधरांना साधे पत्र लिहिता येत नाही, ही तक्रार वर्तमानपत्रांतूनही हरघडी वाचायला मिळते. कुणी त्याचा दोष मोबाइलला देतो, कुणी इंग्रजी माध्यमाला, तर कुणी मराठी माध्यमाला! हा आमच्या पिढीचाच दोष असावा असे मीही धरून चाललो होतो. रानड्यांविषयी वाचू लागल्यावर ध्यानात आले की, ही तक्रार जवळजवळ विद्यापीठाइतकीच जुनी आहे.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव त्या वेळी मामलेदार कचेरीत कारकून होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत गेले. म्हणजे घर लेखणीवर पोट असलेले. तथापि हा मुलगा लेखणी गाजवील असे कुणाला वाटत नव्हते. तो मंद आणि अबोल समजला जाई. लहानपणी रात्रीच्या प्रवासात तो बैलगाडीतून खाली पडला, गाडी पुढे निघून गेली, तरी रडला नाही; मागून घोड्यावरून येणाऱ्या काकांची चाहूल लागली तेव्हा कोठे त्याने हाक मारली, अशी गोष्ट चरित्रांत आहे. कोल्हापुरात आधी मराठी आणि मग इंग्रजी शाळा झाल्यावर त्याला मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत धाडण्यात आले.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. शंभराहून अधिक मुले बसली होती. उत्तीर्ण झालेल्यांची संख्या पंचविसाच्याही आत होती. त्यांत रानडे होते. १८६२ मध्ये पहिली बी. ए.ची तुकडी बाहेर पडली. ती इतकी लहान की नावे एका ओळीत मावतात: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आज आमच्या एका वर्गात शंभरावर मुले आहेत. या चौघांच्या आधी या प्रांतात पदवीधर हा शब्दच कुणाला लागू नव्हता. त्यांच्याकडे सगळे डोळे लावून बसले असतील यात नवल नाही. सरकारला कचेऱ्यांसाठी माणसे हवी होती, आणि विद्यापीठाचा शिक्का असलेली माणसे कशी निघतात हे पाहावयाचे होते.

या चौघांनाही परक्या भाषेत वाचून परक्या भाषेत लिहावे लागले. माधवरावांनी ते कसे साधले? केवळ परीक्षेच्या पुस्तकांवर ते थांबले नाहीत. इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान यांवरील ग्रंथ त्यांनी इतके वाचले की ऐन तारुण्यात डोळे बिघडले आणि ती पीडा जन्मभर राहिली. पण नुसत्या वाचनाने लिहिणे येत असते तर आमच्या ग्रंथालयातील पुष्कळ मुले आज लेखक झाली असती. माझ्या मते खरा अभ्यास दुसरीकडे झाला. १८६२ मध्येच मुंबईत इंदुप्रकाश हे साप्ताहिक निघाले. त्याचा मराठी विभाग विष्णुशास्त्री पंडित पाहत आणि इंग्रजी विभाग रानडे. वीस वर्षांचा नुकता पदवीधर दर आठवड्याला लोकांसाठी लिहू लागला. उत्तरपत्रिका एकच परीक्षक वाचतो, आणि तोही पगारासाठी. वर्तमानपत्र मात्र ज्याला पटेल तो वाचतो आणि न पटेल तो टाकून देतो. अंकही कुणासाठी थांबत नाही.

याच विद्यार्थिदशेतील एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. सर अलेक्झांडर ग्रँट हे एल्फिन्स्टनचे प्राचार्य. ॲरिस्टॉटलचे अभ्यासक म्हणून त्यांचा विलायतेत लौकिक होता आणि रानड्यांच्या बुद्धीचे त्यांना कौतुकही होते. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यातील उणिवा दाखविल्या. ग्रँटसाहेब रागावले, आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिन्यांसाठी बंद झाली. व्याकरणाची चूक असती तर लाल शाईने भागले असते. येथे चूक होती ती म्हणण्यात. पदवीधराला नीट लिहिता येत नाही म्हणून ओरडणाऱ्या मालकाला नीट लिहिणारा माणूस खरोखरच हवा असतो, की आपल्याला हवे तेच सुबकपणे लिहिणारा हवा असतो, हा प्रश्न त्या सहा महिन्यांच्या शिष्यवृत्तीपासून उभा आहे. मला तरी त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

असो. रानडे १८६४ मध्ये एम्. ए. आणि १८६६ मध्ये एल्एल्. बी. झाले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी किती निरनिराळी कामे केली हे पाहून आश्चर्य वाटते. शिक्षणखात्यात हंगामी मराठी भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानचे कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश, आणि १८६८ पासून काही वर्षे एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी वाङ्मयाचे हंगामी प्राध्यापक. ज्या कॉलेजात शिष्यवृत्ती तोडली गेली, तेथेच ते साहेबाची भाषा शिकवू लागले. भाषांतरकाराच्या जागेवर असताना नव्याने छापल्या जाणाऱ्या मराठी पुस्तकांवर अभिप्राय लिहिणे हे त्यांचे काम होते. मराठीत काय लिहिले जाते आणि काय लिहिले जात नाही, याचा हिशेब तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्का बसला असला पाहिजे. कारण तीस वर्षांनीसुद्धा ते तो हिशेब मांडताना दिसतात.

१८७१ च्या अखेरीस ते पुण्यास दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. आदल्याच वर्षी तेथे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा स्थापन केली होती. सभेला माणसे होती, कळकळ होती. लेखणी रानड्यांनी दिली. सरकारी नोकराने राजकारणात उघडपणे नाव घालावयाचे नाही, तेव्हा नाव सभेचे आणि लिहिणे रानड्यांचे अशी पद्धत पडली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून ती पत्रांमागून पत्रांनी सरकारपुढे ठेवली. १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले आणि त्यातील कितीतरी लेख रानड्यांनी निनावी लिहिले.

या लेखनाची तऱ्हा मुद्दाम सांगण्याजोगी आहे. आमच्याकडे अर्ज लिहिताना आधी मायबाप सरकार, मग गरिबी, मग विनंती, असा क्रम असतो. मीही आळीतल्यांचे अर्ज असेच लिहीत आलो. रानड्यांची रीत निराळी. सरकारनेच छापलेले अहवाल घ्यावयाचे, त्यांतील सारा, पीक, कर्ज, आयात-निर्यात यांचे आकडे वेचावयाचे, आणि त्या आकड्यांवरून सरकारचेच म्हणणे कोठे टिकत नाही ते शांतपणे दाखवावयाचे. ओरड नाही, रडगाणे नाही. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला चिडायलासुद्धा जागा सापडू नये! अर्थात चिडायचे ते चिडलेच. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड आणि पुण्यातील बुधवार वाड्याची आग यांनंतर संशयाची नजर त्यांच्याकडे वळली आणि त्यांना धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांची टपालाने येणारी पत्रे फोडून वाचली जात. ज्या सरकारला लिहिता येणारे पदवीधर हवे होते, ते सरकार आपल्या पहिल्या पदवीधराचे पत्र न् पत्र वाचत होते ते असे. पुढे संशय फिटला, बढत्या मिळाल्या, १८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागी ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. या बढत्यांची हकीकत मी येथे लांबवीत नाही.

आता मी माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या भागाकडे येतो. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ साली बी. ए. झाले. वय अठरा. पाठांतर विलक्षण, इंग्रजी चांगले, आणि घरची परिस्थिती बेताची. थोरल्या भावाने पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकविले होते. न्यू इंग्लिश स्कूल आणि नंतर फर्ग्युसन कॉलेजात ते शिकवू लागले. आजच्या भाषेत बोलायचे तर हुशार, पण कामाचा अनुभव नसलेला पदवीधर. तो रानड्यांच्या हाताखाली आला, आणि १८८७ च्या सुमारास सभेच्या त्रैमासिकाचे काम त्याच्याकडे सोपविण्यात आले.

विद्यापीठाने जे शिकविले नव्हते ते शिक्षण येथे सुरू झाले. गोखल्यांनी एखाद्या सरकारी ठरावावर किंवा अंदाजपत्रकावर टिपण तयार करून न्यावे. रानड्यांनी ते तपासावे, हा आकडा कोठून घेतला, हे विधान कशाच्या आधारावर केले, विरुद्ध पक्ष यावर काय म्हणेल, असे विचारावे. आणि खर्डा परत करावा. गोखल्यांनी तो पुन्हा लिहावा. पुन्हा दोष निघावेत, पुन्हा लिहावा. शाबासकी देण्याच्या बाबतीत रानडे विलक्षण कंजूष होते. खूप खपून लिहिलेल्या मसुद्यावर, चालेल अशा अर्थाचा एखादा शब्द पडला म्हणजे गोखल्यांना परीक्षा पास झाल्यासारखे वाटे. हा क्रम एखाद्या वर्षाचा नव्हे. रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे तो चालला होता. गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक सरकारी शाळेतले शिक्षक आकड्यांच्या बाबतीत निष्णात होते. त्यांचाही गोखल्यांना मोठा आधार मिळाला. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले, तेव्हा त्या लेखी साक्षीमागे या दोघांची मेहनत होती. १९०२ साली गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले आणि भरलेल्या तिजोरीचे कौतुक चालू असताना, शिल्लक वाढली म्हणजे रयत सुखी झाली असे होत नाही, हे आकड्यांनिशी दाखवून दिले. रानडे तेव्हा हयात नव्हते.

चौदा वर्षांच्या या शिकवणीत एकदा गोखल्यांचाही धीर खचला. इतक्या खटपटीने लिहिलेली निवेदने सरकार वाचते तरी काय, आणि वाचत नसेल तर हा उपद्व्याप कशाला, असा प्रश्न त्यांनी केला. रानड्यांचे म्हणणे असे पडले की, निवेदनावर पत्ता सरकारचा असला तरी ते खरे लिहिले जाते ते आपल्याच लोकांसाठी. आपल्या प्रश्नांचा आपण विचार कसा करायचा हे त्यातून लोक शिकतात. हे वाचल्यापासून आळीतल्या लोकांचे अर्ज लिहिताना मी एक गोष्ट करू लागलो आहे. अर्ज लिहून झाला की तो मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या आजोबांनी मला थांबवून सांगितले की गट क्रमांक बरोबर आहे, पण बांध पूर्वेला नसून उत्तरेला आहे. तलाठी कार्यालयाने काय केले ते अजून कळलेले नाही.

येथपर्यंत सगळे इंग्रजी लिहिण्याविषयी झाले. पण रानड्यांना जाचणारी उणीव दुसरीच होती. विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा देशी भाषांना परीक्षांत स्थान होते. परंतु थोड्याच वर्षांत कॉलेजच्या परीक्षांतून मराठी गेली आणि तिच्या जागी संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा आल्या. परिणाम असा की, मराठी घरात जन्मलेला मुलगा कॉलेजात मराठीची एक ओळही न लिहिता बी. ए. होऊ लागला. इंग्रजी अर्धेमुर्धे आणि मराठी मुळीच नाही, अशी स्थिती झाली तर शिकलेल्या माणसाचे ज्ञान त्याच्या गावापर्यंत पोहोचणार कसे, हा रानड्यांचा सवाल होता. त्यांनी तो केवळ विचारून सोडला नाही. ११ मे १८७८ रोजी पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. आजच्या साहित्य संमेलनांची परंपरा तेथून मोजतात. पुढे विद्यापीठाच्या कारभारात शिरल्यावर मराठीला उच्च परीक्षांत पुन्हा जागा मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षे झगडले. विरोधकांचा आक्षेप ठरलेला असे: मराठीत अभ्यासण्याजोगे आहे काय? याला भावनेने उत्तर न देता रानड्यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीचा एक विस्तृत आढावाच लिहून काढला. पुन्हा तीच रीत. आधी यादी, आधी मोजणी, मग मागणी.

१८९४ सालच्या एका व्याख्यानात तर त्यांनी याहून गंभीर विषय घेतला. विद्यापीठाचे पुष्कळ हिंदू पदवीधर ऐन तारुण्यात मरण पावत होते. परीक्षांचा भार, घोकंपट्टी आणि सगळे विषय परक्या भाषेतून शिकण्याचा ताण या गोष्टींकडे त्यांनी बोट दाखविले. पदवी घेऊन चार ओळी धड लिहिता न येणे ही त्या मानाने हलकीच गोष्ट म्हणायची.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मराठीसाठी एवढे झगडणाऱ्या रानड्यांनी स्वतःचे मुख्य लेखन इंग्रजीतच केले. भारतीय अर्थशास्त्रावरचे निबंध इंग्रजीत. आणि १९०० साली प्रसिद्ध झालेला मराठी सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ, ज्यात शिवाजी महाराज आणि संतमंडळी यांच्याविषयी इतक्या आस्थेने लिहिले आहे, तोही इंग्रजीत! प्रार्थना समाजातली त्यांची मराठी प्रवचने पुस्तकरूपाने आहेत, पण ती बोललेली आहेत. सरकारला आणि विलायतेला ऐकू जावे म्हणून इंग्रजी लिहिणे भाग होते, असे त्यांचे भक्त म्हणतील, आणि ते खोटे नाही. तरीपण संतांवरचे ते प्रकरण मराठीत लिहिले असते तर ते वाचायला मला शब्दकोश घेऊन बसावे लागले नसते. त्यांची इंग्रजी वाक्ये लांबच लांब आहेत. शेवटास जाईतो आरंभ विसरतो. आकड्यांचे लेख त्या मानाने सोपे वाटतात.

उच्च न्यायालयात काम करीत असतानाच प्रकृती खालावत गेली आणि १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. एम्. ए.च्या परीक्षेत मराठीसारख्या देशी भाषांना स्थान देण्याचा त्यांचा जुना प्रयत्न त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस फळाला आला.

त्यानंतर एका वर्षाने, १९०२ मध्ये, लॉर्ड कर्झन यांनी नेमलेल्या विद्यापीठ आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. इंग्रजीला एवढे महत्त्वाचे स्थान देऊनही परिणाम निराशाजनक आहे, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना इंग्रजी व्याख्याने समजत नाहीत, आणि पुष्कळ विद्यार्थी एक साधे पत्र शुद्ध इंग्रजीत लिहिण्यास न शिकताच पदवीपर्यंत जातात, असा त्याचा आशय होता. रानडे पदवीधर होऊन चाळीस वर्षे झाली होती. आमच्या आळीतल्या मुलाला जे ऐकावे लागले, ते त्याच्या खापरपणजोबांच्या काळातल्या पदवीधरांनीही ऐकले आहे. एवढ्या काळात आयोग किती आले आणि गेले. पण खर्डा परत करणारा आणि पुन्हा लिहून आणलेला खर्डा पुन्हा वाचणारा माणूस नेमावा अशी व्यवस्था कॉलेजात मला कोठे दिसत नाही. शंभरावर मुलांच्या वर्गात प्राध्यापकांनी ते करावे कसे, हाही प्रश्न आहेच. आमचे सर निबंधाच्या वह्या तपासतात, पण तपासलेला निबंध दुसऱ्यांदा लिहून मागितला असे दोन वर्षांत एकदाही घडले नाही.

रानड्यांच्या घरात मात्र आणखी एक विद्यार्थिनी होती. १८७३ मध्ये रमाबाई अकरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न झाले. त्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी त्यांना घरीच मुळाक्षरांपासून शिकविले. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांना हे खपत नसे. दिवसभर त्यांची बोलणी सोसायची आणि रात्री धडा घ्यायचा, असा तो क्रम होता. रमाबाई कोणत्याही परीक्षेला बसल्या नाहीत, कोणतीही पदवी त्यांना मिळाली नाही. पुढे त्यांनी पुण्यात सेवासदनाचा कारभार वाहिला, आणि १९१० साली आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. मी या लेखासाठी जी पुस्तके चाळली त्यांत हे एकच मी दोनदा वाचले. आमच्या ग्रंथालयातील प्रतीची बांधणी सुटलेली आहे. रात्री जेवणे झाल्यावर मी ते आईला वाचून दाखवतो. फारच थोड्या ठिकाणी मला थांबून अर्थ सांगावा लागला आहे. त्या घरातल्या बायका पुढे निवळल्या की नाही, हे तिला लवकर कळायला हवे आहे. निम्मे पुस्तक वाचून झाले आहे.